पाकळीचा भाव

शेषरावाला धंदा येत नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. माल कुठं मिळतो, तो कसा बांधायचा, कुठल्या गाडीत टाकायचा, पावसात कसा राखायचा, हे सगळं त्याला छान येत होतं. फक्त विकताना नफा घ्यायची वेळ आली की त्याचा जीव कासावीस व्हायचा. समोरचं माणूस दोन मिनिटं बोललं की ओळखीचं व्हायचं, पाच मिनिटं बोललं की नात्यातलं व्हायचं, आणि नात्यातल्या माणसाकडून नफा कसा घ्यायचा हा त्याच्यापुढचा कायमचा पेच होता. हिंगोलीत पाच मिनिटांपेक्षा कमी बोलणारं माणूस सापडणं कठीण, त्यामुळे दुकानाचं काय होत होतं ते वेगळं सांगायला नको.

बरं, धंदा तरी कसला? किराण्याचा नाही, कापसाचा नाही. विमानातून उडी मारायच्या छत्र्यांचा.

एकाहत्तरची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. लष्करानं बाद केलेली पॅराशूटं लिलावात निघत आणि सिकंदराबादचे व्यापारी ती वजनावर उचलत. शेषराव एका मावसभावाच्या लग्नाला तिकडे गेला होता. वरातीच्या वाटेवरच्या एका गोदामात त्यानं तो पांढरा ढीग पाहिला, सहज हात लावला आणि तिथंच अडकला. गोदामाचा राखणदार होता एक रिटायर झालेला फौजी. त्यानं छत्रीची घडी कशी घालतात, ती विमानाबाहेर कशी उघडते, माणूस खाली कसा येतो, हे सगळं हातवारे करून दाखवलं. इकडे नवरदेव बोहल्यावर चढला, अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि शेषराव गोदामात उकिडवा बसून विचारतच होता, की मग पुढं काय होतं?

परत आला तो डोक्यात छत्र्याच घेऊन. भांडवलाला पैसे नव्हते, ते सासऱ्यानं दिले. सासरे उत्तमराव म्हणजे वसमतचे किराणा दुकानदार. त्यांच्या तागडीतून गुळाचा खडासुद्धा फुकट सुटत नसे, पण लेकीवर जीव होता. हजार रुपये त्यांनी जावयाच्या हातावर ठेवले आणि एकच अट घातली. दसऱ्यापर्यंत रुपयामागं चार आणे नफा दिसला पाहिजे. नाही दिसला तर टपरी मोडायची, उरलेला माल फुंकून टाकायचा आणि दोघांनी वसमतला यायचं. दुकानात गूळ तोलायला एक माणूस त्यांना हवाच होता.

गूळ तोलायला शेषरावाची ना नव्हती. पण घरजावई म्हणून राहायचं, सासऱ्याच्या पंक्तीला मान खाली घालून बसायचं, हे मनात आलं की त्याला घास गिळवेना. त्याच्याहून जास्त धास्ती घेतली होती ती त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं. माहेरी चार दिवस जाणं वेगळं आणि कायमचं परत जाणं वेगळं. तिच्या वहिनीच्या हाताखाली पुन्हा राबायचं, आपल्या चहाची साखरसुद्धा दुसऱ्याला विचारून घ्यायची, यापेक्षा हिंगोलीच्या भाड्याच्या दोन खोल्या तिला राजवाडा वाटत. ती शेषरावाला म्हणाली होती, "आवो, तुमी काय बी करा. पण दसऱ्याला मला वसमतची गाडी धरायला लावू नका."

आणि ती नुसती बोलून बसणारी नव्हती. छत्री उसवायचं काम तिचंच होतं. दाढीच्या ब्लेडचं पान घेऊन ती शिवणीचे टाके एकेक करून तोडी, म्हणजे कापडाला कात्री लागत नसे आणि पाकळी अख्खी सुटत असे. वर चिंचोळी, खाली रुंद अशी ती पाकळी रजईच्या खोळीला चाले, पाळण्याला चाले, लग्नाच्या मांडवात छताला चाले. दोऱ्या बैलांना, पट्टे पाणी वाहायच्या कावडीला, लोखंडी आकडे कशालाही. नरसीच्या हारफुलांच्या दुकानदारांनी उन्हाला आडोसा म्हणून पाकळ्या नेल्या होत्या. शिरड शहापूरच्या एका हौशी नवरदेवानं तर त्याचा सदरा शिवला आणि तो मांडवात इतका सळसळ वाजला की भटजीबुवा दोनदा थांबले. चतुराबाईनं खरेदी, रेल्वेचं भाडं, हमाली सगळं धरून हिशेब बसवला होता. एक पाकळी चार रुपयाला पडते, ती पाचला विकायची. रुपयामागं बरोबर चार आणे. हे तिनं नवऱ्याकडून पोरासारखं घोकून घेतलं होतं.

पाडवा झाल्यानंतरच्या एका मंगळवारी, बाजार अजून भरायचा होता तेव्हा, टपरीपुढं एक म्हातारी येऊन उभी राहिली. सेनगावकडच्या साखऱ्याची जनकाबाई. अंगानं काटक, निळ्या काठाचं धुवट लुगडं, हातात कापडी पिशवी. दोन एकर कोरडवाहू जमीन, नवरा कधीचाच गेलेला, आणि एकुलता एक लेक जळबा फौजेत. तिनं "जयभीम" केला, शेषरावानंही केला. मग तिनं पाकळी हातात घेतली, उजेडाला धरली, नाकाशी नेली आणि विचारलं, विमानातून उड्या टाकतात ती हीच का छत्री.

हीच म्हटल्यावर ती पोत्यावर बसलीच. जळबा आग्र्याला होता आणि तिथं तो हेच काम करत होता. विमानातून उडी टाकायचं काम. सरकार त्याला त्याचा पगार देत होतं. आता जनकाबाईचा सवाल असा, की सरकार छत्र्या जर हिंगोलीच्या बाजारात विकायला लागलं, तर तिच्या लेकाला काय उरलं? शेषराव काही बोलायच्या आत तिनं स्वतःच तोड काढली. दर बाजाराला एकेक पाकळी न्यायची, सगळ्या जमल्या की शिवून अख्खी छत्री करायची आणि पार्सलनं आग्र्याला धाडायची. शेषरावानं सांगून पाहिलं की जवानाच्या पाठीवर एक असते, छातीवर आणखी एक असते, काळजीचं कारण नाही. जनकाबाई म्हणाली, मग तिसरी असू दे.

पाकळीच्या कोपऱ्यावर लाल शाईचा ठसा होता. बाद मालाचा ठसा. तो कशाचा, असं तिनं विचारलं. शेषराव क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, सरकारी शिक्का आहे. खोटं नव्हतं ते, पण खरंही पुरतं नव्हतं. ज्या कापडावर तो ठसा बसला ते पुन्हा कधी विमानात चढत नाही, हे सांगायला त्याची जीभ वळली नाही. म्हातारीचा चेहरा त्या शिक्क्याकडे बघून इतका निवला होता.

मग ती भावावर आली. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. भवानीला कुणी दुकानदार रित्या हातानं परत धाडत नाही. पुढचा सगळा दिवस तिच्या पायगुणावर जातो अशी सगळ्या बाजाराची समजूत, आणि शेषरावाची तर जरा जास्तच. जनकाबाईला हे पक्कं ठाऊक होतं. ती मोठ्यानं म्हणाली, "तुला केवढ्याला पडली ते सांग. अन् भवानीच्या येळंला खोटं बोलू नको."

दुसरा कोणी असता तर साडेचार सांगून मोकळा झाला असता. शेषराव म्हणाला, "चारला."

तिनं चार रुपये मोजून दिले. त्यानं ते डोळ्यांना लावले आणि गल्ल्यात टाकले. आजूबाजूला चार माणसं उभी होती, त्यांनी ऐकलं. मग काय, तो दिवस आणि पुढचा प्रत्येक मंगळवार. जनकाबाई सोमवारी संध्याकाळीच हिंगोलीत येऊन भाचीकडे मुक्काम करी आणि सकाळी टपरी उघडायच्या आत पोत्यावर बसलेली असे. भाव रेल्वेभाड्यानं पैशा-दोन पैशांनी हलला असेल, या शंकेनं ती दर वेळी नव्यानं विचारी, आणि तेही सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात. शेषराव दर वेळी खरं सांगे. बाजारात सगळ्यांना कळलं की पाकळी चारला पडते. कुणी सव्वाचार देई, कुणी चार देऊन वर एक बिडी देई, आणि पाच म्हटलं की लोक हसत. खरी खरेदी किंमत चव्हाट्यावर मांडून बसलेला दुकानदार अख्ख्या मराठवाड्यात हा एकटाच असावा.

पाकळी पिशवीत गेली तरी जनकाबाई उठत नसे. ती म्हणे, आता सांग, कशी उघडते. आणि शेषराव सांगे. विमानात एक लांब तार असते. प्रत्येकाच्या पाठीवरच्या पिशवीला पट्टा असतो, त्याचा आकडा त्या तारेत अडकवलेला असतो. माणूस दारातून बाहेर पडला की पट्टा ताणतो आणि पिशवीचं तोंड आपोआप ओढून उघडतो. पोराला काहीच करावं लागत नाही. मग दोऱ्या सुटतात, मग कापड सुटतं, मग वारा भरतो, एक झटका बसतो आणि पोरगं झोक्यात बसल्यासारखं हलत हलत खाली येतं. गोदामातल्या फौजीनं सांगितलं होतं त्यात शेषराव दर आठवड्याला आपल्या पदरचं थोडं घाली. कधी खाली हिरवं रान दिसे, कधी जळबाला वरूनच आग्र्याची यमुना दिसे. जनकाबाई लक्ष देऊन ऐके. एखाद्या मंगळवारी तो पट्टा विसरला तर ती त्याला पट्ट्यापाशी परत आणी.

चतुराबाई हे सगळं मागं बसून टाके उसवत ऐकायची आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या वाढायच्या. तिनं आधी साधे उपाय केले. टपरी उशिरा उघडून पाहिली. जनकाबाई तेवढीच उशिरापर्यंत बसली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांना तिनं रांगेत मागं उभं केलं. मग एका मंगळवारी चतुराबाई स्वतःच डोक्यावर पदर घेऊन, पलीकडून येऊन, आपल्याच टपरीवर गिऱ्हाईक म्हणून उभी राहिली. पाकळी मागितली, पाच रुपये रोख काढले आणि झाली भवानी म्हणून मोकळी झाली. पोत्यावरून जनकाबाईनं सगळं पाहिलं. ती म्हणाली, "घरच्या माणसाची भवानी व्हत न्हाई बाई." बाजार पोट धरून हसला, शेषरावही हसला, आणि त्याबद्दल त्याला रात्रीच्या जेवणात भाजी वाढली गेली नाही.

पण चतुराबाईचं खरं म्हणणं वेगळं होतं आणि ते बिनतोड होतं. म्हातारी मोलमजुरी करून चार-चार रुपये आणते ते कशासाठी? जी छत्री कधी उघडणार नाही तिच्यासाठी. तिला खरं सांगावं. तिचे पैसे वाचतील, आपला भाव वाचेल, आणि तुमच्या जिवाला लागलेली टोचणीही जाईल. नवऱ्याला टोचणी आहे हे तिला बरोबर कळलं होतं. शेषरावाला ते सगळं पटत होतं. पण सांगायचं म्हणजे त्या पोत्यावर बसलेल्या बाईला तोंडावर सांगायचं, की तुझ्या लेकाला तिसरी छत्री मिळणार नाही. दर सोमवारी तो ठरवी की उद्या सांगायचं. दर मंगळवारी ती विचारी, कशी उघडते, आणि तो तारेपासून सुरुवात करी.

असा पावसाळा सरला. ज्वारी निसवायला आली, दसरा तोंडावर आला. चतुराबाईनं गल्ला मोजणं सोडून दिलं होतं. रुपयामागं चार आणे कुठले, एक आणाही धड सुटत नव्हता. तिनं माहेरी न्यायच्या भांड्यांना कल्हई करून घेतली. ती रागावलेली असती तर शेषरावाला बरं वाटलं असतं. ती नुसती भांडी पुसत होती आणि एकेक पोत्यात ठेवत होती. हा माणूस सोन्यासारखा आहे हे तिला रोज दिसत होतं आणि ह्या सोन्याला बाजारात कवडीचा भाव नाही हेही दिसत होतं. तिचं त्याच्यावर फार प्रेम होतं आणि त्याचाच तिला त्या दिवसांत वैताग आला होता.

दसऱ्याआधीच्या शेवटच्या मंगळवारी उत्तमराव पहिल्या गाडीनं वसमतहून आले. लेकीच्या हातचा चहा घेतला, टपरीत एका बाजूला पोत्यावर बैठक मारली, पाय जरा पुढं पसरले आणि डोळे अर्धे मिटून घेतले. गिऱ्हाईक कसं बोलतं आणि दुकानदार कसं तोंड देतो, हे एक सकाळ पाहिलं की त्यांना सगळं कळत असे.

जनकाबाई आलेलीच होती. तिनं पाकळीला हात घातला आणि विचारायला तोंड उघडलं. शेषरावानं पाकळी धरून ठेवली. त्याच्या मनात आदल्या रात्री कितीतरी वेळ एकच चाललं होतं. दुकान तर जातंच आहे. जाताना निदान एवढं तरी खरं बोलून जावं.

"मावशी, आज कापड देत न्हाई मी तुमाला," तो म्हणाला.

भवानीचं गिऱ्हाईक, आणि नाही म्हटलं. मागं चतुराबाईच्या हातातलं दाढीचं पान थांबलं. उत्तमरावांचे डोळे पुरते उघडले.

शेषराव थांबला असता तर पुन्हा बोलू शकला नसता, म्हणून तो घाईघाईनं बोलत गेला. हा लाल ठसा बाद मालाचा आहे. असं कापड फौजेत कुणी हातात धरत नाही. तुम्ही अख्खी छत्री शिवून धाडली तरी ती जळबाच्या पाठीवर चढणार नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. तुमच्या कष्टाचे पैसे मी घेत राहिलो. एवढं बोलून त्यानं मान खाली घातली. आता ही रडते की शिव्या देते, याची तो वाट पाहू लागला.

जनकाबाई रडली नाही. तिनं लुगड्याचा पदर सावरला आणि अगदी सहज म्हणाली, "ठाव हाय मला."

जळबा आखाडात सुट्टीवर येऊन गेला होता. तिनं मोठ्या कौतुकानं त्याच्यापुढं पाकळ्यांची चळत मांडली, तेव्हा त्यानं ठसा पाहिला, पोट धरून हसला आणि सगळं समजावून सांगितलं. फौजेत छत्रीला काय मान असतो, ती किती जण तपासतात, एक धागा उसवला तरी ती कशी बाजूला काढतात. आईनं पाठवलेली छत्री घेऊन गेलो तर सुभेदार मलाच बाद करील म्हणाला.

शेषरावाला काही उमगेना. आखाड होऊन किती बाजार झाले. त्यानं चाचरत विचारलं, मग त्यानंतर नेलेल्या पाकळ्यांचं काय केलं?

"इकल्या की. साखऱ्यात अन् आजूबाजूच्या गावांत. सहाला एक."

उत्तमराव इतका वेळ भिंतीसारखे बसले होते, ते पहिल्यांदाच बोलले. "सहाला?"

"तर वो. हिंगोलीहून गावापोतर आनायचं काय फुकट? यष्टीचं तिकीट हाय, माझं बसणं हाय. त्या लोकायला इथं यायची तकलीफ न्हाई पडत." रजईच्या खोळीला कुणाला अर्धी लागली तर तेही ती जमवून देत होती. आधीच्या चळतीतली एकच पाकळी तिनं ठेवली होती, उरलेल्या त्याच आखाडात खपवल्या होत्या.

बाजार आता उघड हसायला लागला. शेषरावाचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता. जिच्या नुकसानीच्या विचारानं त्याला रात्र रात्र झोप येत नव्हती, ती त्याच्याच मालावर त्याला मिळायला हवा होता त्याच्या दुप्पट नफा घेत होती. चतुराबाईनं पदर तोंडाशी धरला. राग यावा की हसू यावं, हे तिचं ठरेना.

"मग मावशी," शेषराव म्हणाला, "तुमाला सगळं ठाव व्हतं, तर कशी उघडते ते दर मंगळवारी मला काहून सांगाय लावलं?"

इतका वेळ खणखणीत वाजणारा जनकाबाईचा आवाज बसला. तिनं हातातल्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले आणि सोडले.

"जळबा सांगत न्हाई रे," ती म्हणाली. "त्याला इचारलं की हासतो. म्हनतो, काय व्हत न्हाई माय. म्हंजे काय व्हत न्हाई? कसं व्हत न्हाई? तू सारं सांगतोस. तार सांगतोस, पट्टा सांगतोस. पोराला काई करावं लागत न्हाई म्हनतोस. ते ऐकलं की झोप लागते मला. शनिवारपोतर पुरतं. मंग पुन्हा तो इमानाच्या दारात उभा दिसतो."

कुणी हसलं नाही. शेषरावाला भरून आलं होतं आणि ते लपवायची कला त्याला कधीच आली नव्हती.

जनकाबाईनं कनवटीची चंची काढली. तिच्यातून पाच रुपयांची नोट काढून, ती मांडीवर घासून सरळ करून शेषरावापुढं धरली. पाकळी एकच होती. शेषराव गल्ल्यातून रुपया काढायला वळला, तर तिनं त्याचा हात धरला.

"पाच हायेत ते. ठेव."

"न्हाई मावशी. चारला पडते ती मला."

"कापड चारला पडते. मी त्याच्यावर दोन-दोन रुपये कमावले. अन् तू दर बाजाराला तासभर तोंड दुखस्तोवर सांगत बसतो, त्याचं मी तुला काय दिलं? भवानी भवानी करून चारात गप केलं तुला. हे बराबर न्हाई."

शेषरावानं नोट परत तिच्या हातात कोंबली. तिनं पुन्हा पुढं केली. त्याच्या डोळ्यांपुढं तिची दोन एकर कोरडवाहू आली, उन्हातली निंदणी आली, दारात उभा जळबा आला. ह्या बाईकडून नफा? सख्ख्या आईकडून घ्यावा तसं होतं ते. त्यानं मान हलवली. उत्तमराव पाहत होते, चतुराबाई पाहत होती, आणि त्याला दोघांचाही विसर पडला होता.

"ऐक," जनकाबाई म्हणाली. आता ती त्याला रागावत होती. "दसऱ्याला तुझं दुकान मोडनार हाय, तुला वसमतला गूळ तोलाय जावं लागनार हाय, हे साऱ्या बाजाराला ठाव हाय. माझ्यासारख्यायनंच मोडलं ते. तू गेला मंग मी कुनाकडं जाऊ ऐकाय? घे, लेका."

शेषरावाचा हात पुढं आला. त्यानं नोट घेतली. ती डोळ्यांना लावताना ती ओली झाली, मग त्यानं सदऱ्याला पुसून ती गल्ल्यात ठेवली आणि रुपया परत दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपल्या माणसाकडून नफा घेतला होता. तो घेऊनही ते माणूस आपलंच राहिलं होतं, समोर बसलं होतं आणि पाकळीची घडी नीट घातली नाही म्हणून त्याला बोलत होतं.

मग त्यानं तिला सांगितलं, कशी उघडते. त्या दिवशी त्यानं पदरचं काही घातलं नाही, यमुना नाही की हिरवं रान नाही. तार, पट्टा, दोऱ्या, कापड, वारा. जनकाबाईनं सगळं ऐकून घेतलं, जयभीम केला आणि ती सेनगावच्या यष्टीकडे निघाली. जाताना पुढच्या बाजारापासून चार पाकळ्या बांधून ठेवायला सांगून गेली, आणि घाऊक घेते तेव्हा भावाचं आपण नंतर बोलू, असंही.

ऊन वर आलं. उत्तमराव उठले नाहीत. त्यांची गाडी सुटायची वेळ होत आली होती, पण त्यांनी लेकीकडे आणखी एक चहा मागितला. तेवढ्यात नरसीचा एक हारवाला आला. त्याला दुकानावर बांधायला दोन पाकळ्या हव्या होत्या. त्यानं नेहमीसारखं हसत, डोळा बारीक करून म्हटलं, "चारलाच पडते ना तुमाला?"

चतुराबाईनं चहाचं भांडं खाली ठेवलं.

"व्हय," शेषराव म्हणाला. "चारला पडते. पाचला देतो."

त्याचा आवाज चढला नाही की पडला नाही. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसा तो बोलला. हारवाल्यानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पाकळी पाहिली, पुन्हा तोंडाकडे पाहिलं आणि बंडीच्या खिशात हात घातला. एवढ्या पैशात निदान ही कशी बांधायची ते तरी दाखवा म्हणाला.

"बसा की," शेषराव म्हणाला. उत्तमरावांनी पसरलेले पाय आखडून घेतले आणि त्याला पोत्यावर जागा करून दिली.